वर या, असे मला म्हणायचे होते

एक कबुतर, ज्याला मोठ्या आवाजाचे काहीच वाटत नाही.

नदीकाठी काँक्रीटचा लांबलचक चौथरा. त्याच्यावर भिंत यायची आहे. सध्या त्याच्यावर चादरी वाळतात.

शाळेच्या व्हरांड्यात ओल्या चपलांचा ढीग. बऱ्याच चपलांना जोडीदार नाही.

“कार्बन म्हणजे आपली काजळीच ना? मग सरळ काजळी म्हणा की.”

पिशवीचा पट्टा, एका लोखंडी दांड्याला करकचून बांधलेला.

मित्रांनो, कुणी पिशवी उपडी करून ओताव्यात तशा या गोष्टी तुमच्यापुढे पडल्या आहेत. त्या सगळ्या माझ्याच आहेत. मी भोंगा आहे. वय विचारू नका. माझा गळा गंजला आहे आणि माझ्या एका कर्ण्यात कबुतराने संसार थाटला आहे, एवढ्यावरून काय ते समजा.

वसाहतीच्या वरच्या टोकाला पाण्याची टाकी आहे. तिच्या माथ्यावर मी बसतो. माझ्या मागे, आणखी चढावर, शाळा आहे. टाकीपासून एकच रस्ता सरळ खाली उतरतो. त्याच्या दोन्ही बाजूंना घरांच्या ओळी आहेत आणि शेवटी फाटक. फाटकाच्या आत वीजघर होते, वीजघराच्या मागे नदी. एवढे ध्यानात ठेवा. वर शाळा, खाली नदी, मध्ये माणसे.

आणखी एक ध्यानात ठेवा. मला एकच आवाज काढता येतो. तो लांबवता येतो, नाहीतर थांबवता येतो. तिसरे काही येत नाही.

०

माझा जन्म लांबच्या एका ओतकारखान्यात झाला. लाल रसरशीत लोखंड साच्यात ओतले, निवल्यावर कानशीने घासले, पोटात पंखा बसवला आणि पंख्याला मोटर जोडली. पंखा गरगर फिरला की हवा फटींतून कापली जाते आणि तिचीच किंकाळी होते. माझी पहिली चाचणी घेणाऱ्या कारागिराने कानांत कापूस कोंबला होता. मोटर बंद झाल्यावर त्याने कापूस काढला आणि शेजाऱ्याला म्हणाला, “यापेक्षा आमच्या सासूबाई बऱ्या.”

माझ्या वाट्याला आलेले हे पहिले कौतुक.

तिथून मी इथे आलो. त्या काळी सगळ्यांना वीज हवी होती आणि वीज कोळशातून यायची. भट्टीत कोळसा जळायचा, त्याच्या आचेवर पाण्याची वाफ व्हायची, वाफेच्या जोरावर मोठे चक्र फिरायचे आणि त्यातून वीज निघायची. ती तारांवरून दूरदूर जायची. जाताजाता एक घोट मला द्यायची. तेवढा मला पुरायचा.

पाळी बदलायच्या आधी मी एकदा लांब वाजायचो. त्याचा अर्थ, निघा. मग मी थांबायचो. तेवढ्या वेळात पायांत चपला जायच्या, हातांत डबे यायचे, कुणीतरी विसरलेला चष्मा आणायला परत घरात पळायचे. मग मी दुसऱ्यांदा वाजायचो. त्याचा अर्थ, फाटक बंद होते आहे, पाय उचला. हे कुठे लिहिलेले नव्हते आणि कुणी कुणाला शिकवलेही नाही. वसाहतीत नवे बिऱ्हाड आले की चार दिवसांत त्यांच्या पायांना ते आपोआप समजायचे.

(इथे मी वाजतो. पुढचे वाक्य तुम्हाला ऐकू आले नसेल तर काही बिघडत नाही. त्यात एवढेच होते की त्या काळी मला फार मान होता.)

लोक माझ्यावर घड्याळे लावायचे. मी वाजलो की दूध गॅसवर चढायचे, मी वाजलो की आंघोळीच्या रांगेतली भांडणे थांबायची. तान्ही मुले माझ्या आवाजात गाढ झोपायची आणि मी थांबलो की रडायला लागायची.

सगळ्यांत आधी घराबाहेर पडायचे ते भट्टीवाले काका. भट्टीवर कोळसा सारायचे काम करायचे म्हणून भट्टीवाले. बुटके, अंगाने रुंद, कानांच्या पाळ्यांत कायमची काजळी. माझा पहिला आवाज संपायच्या आत ते रस्त्याला लागलेले असायचे. दुसरा आवाज ते फाटकाच्या आत उभे राहून ऐकायचे आणि मागून धापा टाकत येणाऱ्यांची मजा बघायचे. “या, या, जावईबापू,” असे ते उशीर झालेल्याला म्हणायचे. “पाट मांडू का?”

त्यांना एकच मुलगी. आई लवकर गेली, त्यामुळे काका कामावर गेले की ती शेजारच्या घरात असायची. ती लहान असताना मी वाजलो की अंगणात उभी राहून तोंडाचा मोठा आ करायची आणि मी थांबलो की तोंड मिटायची. तो आवाज आपणच काढतो, अशी तिची समजूत होती. वडिलांनी ती मोडली नाही. उलट म्हणायचे, “आज जरा लवकर ओरडलीस गं, चहा राहिला माझा.”

०

धुराबद्दल सांगायचे राहिले. सगळ्यांचेच राहिले होते.

माझ्यासमोर वीजघराची चिमणी होती, माझ्यापेक्षा कितीतरी उंच. तिच्यातून जो धूर निघायचा तो दूर जाऊन विरायचा आणि आम्हाला वाटायचे, गेला. मी स्वतः धूर सोडला नाही, पण मी धुराच्या घरचे मीठ खाल्ले आहे. तेव्हा मी निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही.

हळूहळू आभाळाचे तंत्र बिघडले. उन्हाळ्यात माझे पत्रे इतके तापायचे की कबुतर दिवसभर टाकीच्या सावलीत जाऊन बसायचे. पाऊस यायचाच नाही, आणि यायचा तेव्हा कुणीतरी मागे लागल्यासारखा सगळा एकदम पडून जायचा. एका वर्षी नदी फाटकापर्यंत येऊन परत गेली. लोकांनी तिचे फोटो काढले. नंतर ती पुन्हा आली तेव्हा फोटो काढणारे कमी होते.

मग सरकारने धोरण आणले. ते समजावून सांगायला एक साहेब आले. तरुण, सर्दीने बेजार, काखेत गरम पाण्याचा थर्मास. लोकांनी त्यांचे नाव ‘आराखडेसाहेब’ ठेवले, कारण त्यांच्या दर दुसऱ्या वाक्यात आराखडा असायचा. टाकीखालच्या पटांगणात सतरंज्या टाकून सभा झाली, म्हणून मला सगळे ऐकू आले.

“कोळसा जाळला की कार्बन हवेत जातो,” साहेब म्हणाले. “तो तिथं साठून राहतो आणि पृथ्वी तापते. म्हणून सगळीकडची कोळशाची वीजघरं बंद करायची आहेत. धूर कमी करणं, हे पहिलं काम.”

“कार्बन म्हणजे आपली काजळीच ना?” मागून भट्टीवाले काकांनी विचारले. “मग सरळ काजळी म्हणा की. आम्ही काय परके आहोत?”

सगळे हसले. साहेबही हसले, मग शिंकले, मग म्हणाले, “काजळी दिसते, काका. हा वायू दिसत नाही.”

“दिसत नाही, तरी भट्टी विझणार.”

“विझवावीच लागेल.”

“बरं. आणि दुसरं काम?”

“जो धूर आधीच वर गेलाय, त्याचे परिणाम व्हायचे ते होणारच. पूर येणार, ऊन वाढणार. त्यांच्याशी जुळवून घ्यायची तयारी करणं, हे दुसरं काम. नदीला भिंत बांधायची. खालच्या ओळी उचलून वर वसवायच्या. विजेचं उपकेंद्र नदीपासून हलवायचं. बोलता भोंगा बसवायचा. सगळं आराखड्यात आहे.”

“पहिलं काम कधी?”

“या वर्षअखेर.”

“आणि दुसरं?”

“टप्प्याटप्प्यानं.”

काकांच्या शेजारी त्यांचे जुने सोबती बसले होते. ते कोळशाच्या गाड्यांचे वजन करायचे, म्हणून त्यांना सगळे ‘काटेवाले’ म्हणत. ते काकांच्या कानाशी लागून म्हणाले, “म्हणजे छप्पर आज काढणार, छत्री टप्प्याटप्प्यानं देणार.” काका हसले नाहीत.

साहेब खोटे बोलत नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. त्यांचा त्या आराखड्यावर मनापासून विश्वास होता. त्यांनी प्रत्येक घरात जाऊन पाण्याची जुनी खूण कुठपर्यंत आहे ते बघितले होते. माझ्या ओळखीतली अर्धी माणसे त्यांना जेवायला घालून पाठवायची. धोरण चुकीचे होते असेही नाही. धूर कमी करायलाच हवा होता. फक्त जे काढून घ्यायचे ते एका आदेशात निघाले, आणि जे द्यायचे ते या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिले.

०

भट्टी विझली. चिमणी उतरवली. भंगारवाला आला आणि मापे घेऊन गेला, मग गाड्या घेऊन आला. त्याने फाटक सुद्धा नेले. फाटकाचे दोन दगडी खांब तेवढे उभे राहिले, मध्ये नुसती वाट.

मलाही नेतील असे वाटले होते. पण आराखड्यात एक ओळ होती, ‘उपलब्ध साधनांचा नव्या कामासाठी वापर’. मी उपलब्ध होतो. मला नारिंगी रंग फासला. टाकीखालच्या खोलीला ‘आपत्ती सूचना कक्ष’ अशी पाटी लागली. खोलीत एक फोन ठेवला आणि भिंतीवर माझा दांडा बसवला. दांडा खाली ओढून धरला की मी वाजतो, हात सोडला की तो आपोआप वर जातो आणि मी थांबतो. दांडा ओढायला ज्या मुलीला नेमले, ती भट्टीवाले काकांची मुलगी. वसाहतीने तिचे नाव लगेच ‘बटनताई’ करून टाकले. बटन कुठेच नव्हते, पण दांडाताई कुणाच्या तोंडात बसले नसते.

माझी वीजही बदलली. आता ती लांबून, उन्हातून आणि वाऱ्यातून तयार होऊन येते. चांगली, स्वच्छ वीज आहे, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या उपकेंद्रातून ती माझ्यापर्यंत येते ते नदीकाठीच राहिले. ते हलवायचे आराखड्यात आहे. माझ्यासाठी बॅटरीही आराखड्यात आहे. नदीच्या भिंतीचा चौथरा तेवढा झाला. मग ते खाते दुसऱ्या खात्यात विलीन झाले आणि गवंडी निघून गेले.

काका घरी बसले. पायरीवर बसायचे आणि रिकाम्या रस्त्याकडे बघायचे. मुलीने विचारले, “बाबा, जेवायला वाढू?” तर म्हणायचे, “वाजलं का?” वाजत काहीच नव्हते. आठवड्यातून एकदा भर दुपारी माझी चाचणी व्हायची, ती सोडली तर.

एके दिवशी काटेवाले आणखी तीन-चार म्हाताऱ्यांना घेऊन कक्षात आले. दारातच चपला काढल्या, जणू साहेबाच्या केबिनमध्येच आले आहेत.

“ताई, चाचणी घ्यायचीच असते ना? मग ती सकाळच्या पाळीच्या वेळेला घे की.”

“का हो काका?”

“का म्हणजे काय. दुपारी वाजला की उगाच दचकायला होतं. सकाळी वाजला तर जरा माणसात असल्यासारखं वाटेल.”

तिने वरच्या कचेरीत विचारले. तिथून उत्तर आले की चाचणी कुठल्याही वेळी घेतली तरी चालेल. मग दर सोमवारी, सकाळच्या पाळीच्या वेळेला, मी वाजू लागलो.

पहिल्याच सोमवारी भट्टीवाले काका पायरीवरून उठले. आत गेले. कपाटावरचा जुना डबा काढला, पुसला, त्यात होते ते भरले आणि रस्त्याला लागले. त्यांना बघून काटेवाले निघाले. मग आणखी घरांची दारे उघडली. सगळे म्हातारे डबे घेऊन, एकमेकांना शिव्या देत, फाटकाच्या खांबांपर्यंत गेले. पलीकडे काहीच नव्हते, म्हणून चौथऱ्यावर बसले. दुपारपर्यंत गप्पा मारल्या, डबे खाल्ले आणि “भरली एकदाची पाळी” म्हणत परत आले. त्या रात्री काकांनी स्वतःहून मागून जेवण घेतले.

मुलगी हे सगळे कक्षाच्या खिडकीतून बघत होती. खिडकीतून तो रस्ता सरळ खालपर्यंत दिसतो. दांडा सोडल्यावरही ती गजाला धरून बराच वेळ उभी होती.

पुढच्या सोमवारी काका तिला म्हणाले, “एकदाच वाजवतेस? अर्धवट काम आहे तुझं. दुसरा आवाज कुठाय?”

मग तिने दुसराही वाजवायला सुरुवात केली. पहिला लांब, निघा. दुसरा, पाय उचला.

मित्रांनो, तुमच्या लक्षात आले असेल. माझ्याही आले होते. पण माझ्या लक्षात येऊन काय होते? भिंतीवरच्या पाटीवर लिहिले होते, भोंगा वाजताच शाळेकडे जावे. आणि दर सोमवारी मी वाजताच वसाहतीतली सगळ्यांत जुनी माणसे हसतखेळत नदीकडे जात होती.

कॅन्टीनवाल्या मावशींनी ते पहिल्यांदा बोलून दाखवले. वीजघर बंद झाल्यावर त्यांनी रस्त्याच्या मध्यावर चहाचे दुकान टाकले होते. त्या म्हणाल्या, “अगं बटनताई, खरंच पूर आला ना, तर ही सगळी मंडळी डबे घेऊन नदीत उतरतील बघ.” दुकानातले सगळे खो खो हसले. भट्टीवाले काका सगळ्यांत जास्त. “नदीत उतरू, पण पाळी बुडवणार नाही,” ते म्हणाले.

मुलगी हसली नाही. पुढच्या वेळी आराखडेसाहेब आले तेव्हा तिने त्यांना सांगितले की पुरासाठी वेगळा आवाज हवा. त्यांनी थर्मास खाली ठेवून नीट ऐकून घेतले.

“बरोबर आहे तुमचं. बोलता भोंगा आला की प्रश्नच मिटेल. माणसाच्या आवाजात सांगेल, वर या म्हणून. दुसऱ्या टप्प्यात आहे.”

“तोपर्यंत?”

“तोपर्यंत चाचणीची वेळ बदला. एवढं आपल्या हातात आहे.”

तिने घरी जाऊन वडिलांना सांगितले. काका खिडकीजवळ बसून डबा घासत होते. त्यांनी तो उपडा करून ठेवला.

“वेळ बदल,” ते म्हणाले. “सरकारी काम आहे. पण मग सोमवारी मला उठवू नकोस. मी उठू कशाला?”

तिने वेळ बदलली नाही.

०

तो सोमवार नव्हता.

पाऊस सुरू होऊन किती दिवस झाले हे लोक विसरले होते. सकाळी कामावर निघताना ती वडिलांना म्हणाली, “बाबा, आज भोंगा वाजला तर शाळेत जायचं. वर. मावशी येतील तुम्हाला घ्यायला.”

“मी काय खुळा आहे?”

“तसं नाही हो.”

“जा तू. छत्री घे. नाहीतर भिजशील आणि मग माझ्याच डोक्याशी बसून खोकशील.”

ते खुळे नव्हते. त्यांना सगळे समजत होते. दुपारी जेवण झाल्यावर ते खुर्चीत बसल्या बसल्या पेंगले. बाहेर इतके अंधारून आले होते की पहाट आहे की दुपार हे कळत नव्हते. तेवढ्यात कक्षातला फोन वाजला. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या धरणातून पाणी सोडत होते, धरण आता ते धरू शकत नव्हते. भोंगा वाजवा, असा हुकूम आला.

तिने दांडा ओढला.

(इथे मी वाजतो.)

झोपेतून उठणाऱ्या माणसाला दिवस कळायच्या आधी आवाज कळतो. खालच्या ओळींची दारे उघडली. वीजघर बंद झाल्यावर जी नवी बिऱ्हाडे आली होती, ती मुलांना कडेवर घेऊन वर शाळेकडे पळाली. म्हातारेही बाहेर आले. दोघा-तिघांच्या हातात डबे होते. काटेवाले चार पावले खाली चालले सुद्धा. मावशींनी दुकानातून बाहेर येऊन त्यांच्या बंडीला धरले आणि ओरडल्या, “कुठं निघालात? मेलात का काय? वर चला.” तेव्हा कुठे ते हातातल्या डब्याकडे बघून जागे झाले.

मावशी सगळ्यांना अडवू शकल्या. एकाला नाही. कारण तो त्या बाहेर यायच्या आधीच दुकानापुढून निघून गेला होता.

मुलीला खिडकीतून एक छत्री दिसली. सगळे वर येत होते आणि ती एकटी खाली चालली होती, रस्त्याच्या मधोमध, घाई न करता.

तिने दांडा सोडला. मी थांबलो. मी थांबलो म्हणून ते थांबतील असे तिला वाटले असेल. पण ती थोडी शांतता त्यांच्या पायांच्या ओळखीची होती. पहिल्या आणि दुसऱ्या आवाजाच्या मधली शांतता. ते चालत राहिले.

खालच्या शेवटच्या ओळीत अजून घरे बंद होती. काही म्हातारे बहिरे, काही आजारी, काहींना वाटते सरकारी भोंगा आहे, वाजायचाच. मी थांबून चालणार नव्हते. तिने दांडा पुन्हा ओढला.

मी दुसऱ्यांदा वाजलो, आणि भट्टीवाले काका पळू लागले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी कधी काही मागितले नाही. त्या क्षणी मी मागितले. मला एक शब्द हवा होता. मोठाही नको, नुसता ‘वर’. माझ्या पोटात पंखा फिरत होता, कर्णे थरथरत होते, कबुतर कधीच उडून गेले होते, आणि माझ्या तोंडातून जे निघत होते त्याचा त्या माणसासाठी एकच अर्थ होता. मी जितका जोरात ओरडत होतो तितके ते जोरात पळत होते.

“बाबा,” असे ती खिडकीतून ओरडली. माझ्याच आवाजात ते बुडाले.

तिने खांद्यावरची पिशवी उतरवली, तिचा पट्टा दांड्याला गुंडाळला, खालच्या हुकात अडकवून करकचून गाठ मारली आणि पळत सुटली. मी वाजत राहिलो. कक्षातला फोन वाजत राहिला. रस्ताभर माणसे वर येत होती, ओझी घेऊन, मुले घेऊन, आणि ती त्यांच्यातून उलटी जात होती. कुणी तिला ढकलले नाही, उलट जो तो बाजूला व्हायचा प्रयत्न करत होता. पण रस्ता तेवढाच होता.

पाणी लाटेसारखे आले नाही. ते चौथऱ्यावरून, खांबांच्या मागून, आवाज न करता आले. आधी रस्त्याचा शेवट चकाकला. मग खांब अर्धे झाले. छत्री तेव्हा खांबांच्या मध्ये होती. पुढच्या क्षणी ती उलटी होऊन पाण्यावर गोल फिरत होती, नुसती छत्री.

मग उपकेंद्रात पाणी शिरले आणि माझी वीज गेली. भोंगा एकदम बंद पडत नाही. पंखा हळूहळू मंदावतो, आवाज खाली खाली येतो, एखादे जनावर मान टाकते तसा. ज्यांनी ऐकला ते सांगतात की शाळेच्या चढावर सगळे जण वळून टाकीकडे बघू लागले. मला त्यातही काही म्हणायचे नव्हते. म्हणता येत नव्हते.

मुलगी कमरेएवढ्या पाण्यात होती. मावशींनी आणि काटेवाल्यांनी तिला दोन्ही दंडांना धरून ओढत वर आणले. ती काटेवाल्यांना मारत होती. ते मार खात होते आणि म्हणत होते, “मार, ताई. मार. पण वर चल.”

०

पाणी ओसरल्यावर काका खांबांच्या आतल्या बाजूला सापडले. वसाहतीतला दुसरा कुणीही गेला नाही.

म्हणूनच अहवाल चांगला आला. भोंगा वेळेत वाजला, नागरिक सुरक्षित जागी पोचले, अनुकूलनाचा, म्हणजे जुळवून घेण्याचा, उपाय यशस्वी ठरला, असे त्यात आहे. ते खोटे नाही. आराखडेसाहेब आले तेव्हा थर्मास आणायला विसरले होते. ते कक्षाच्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

“मी लिहून पाठवलं होतं, ताई. दोनदा.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “मीही वेळ बदलली नव्हती.”

साहेब दारातूनच माघारी वळले.

त्यानंतर दुसरा टप्पा मंजूर झाला. शाळेच्या गच्चीवर बोलता भोंगा बसला. त्याला बॅटरी आहे. तो स्पष्ट सांगतो, सर्वांनी शाळेकडे यावे. त्यात आवाज कुणाचा घालायचा असे विचारायला माणूस आला तेव्हा मुलगी म्हणाली, “कुणाचाही घाला. माझा नको.” चौथऱ्यावर मात्र अजून भिंत नाही, आणि खालच्या ओळी खालीच आहेत. कुठल्यातरी ट्रकने लांब हॉर्न दिला की काटेवाले असतील तिथे खाली बसतात आणि कुणीतरी हात धरेपर्यंत उठत नाहीत.

माझे काम संपले आहे. मला उतरवायचा आदेश निघाला आहे, पण शिडीची गाडी आलेली नाही. दांड्याला बांधलेला पट्टा अजून तसाच आहे. सोडायला गेले की तिचे हात मागे येतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगून मी गोष्ट संपवावी, अशी तुमची अपेक्षा असेल. मला जपू नका. मला वितळवा आणि माझे काहीतरी उपयोगाचे करा. पण तुमच्यापैकी कुणी मोठेपणी साहेब होईल, कुणी असे आराखडे लिहील. धूर कमी करा, तो करावाच लागेल. पण ज्यांची भट्टी विझवता त्यांची भिंत त्याच दिवशी उभी करा, पुढच्या टप्प्यात नको. आणि माणसांना वाचवायचे यंत्र बसवण्याआधी एकदा त्यांच्याबरोबर त्यांच्या रस्त्यावरून चाला. त्यांचे पाय कुठे वळतात ते बघा. ते मला टाकीवरून दिसत होते. मला सांगता आले नाही.

भट्टीवाले काका नोकरीच्या पहिल्या दिवशी उशिरा पोचले होते. तेव्हा फाटक होते. ते बंद झाले होते, म्हणून काका घरी परत गेले.